एक बाई, एक ओळ

आमच्या वस्तीतल्या विहारात एक गजराचं घड्याळ होतं आणि ते कायम भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असे. ते तसं ठेवणाऱ्या मावशीचा मला पहिले काही आठवडे मनापासून राग होता. पुढे अकरा वर्षं मी तिच्या शेजारी काढली, तेव्हा त्या रागाचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. पण राग होता, आणि तो का होता हे आधी सांगून टाकते, कारण त्यात तिच्यापेक्षा माझीच शोभा जास्त आहे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. डी.एड. होऊन पहिलीच नेमणूक मिळाली ती चुडावा स्टेशनपासून तीन मैल आत असलेल्या एका गावच्या शाळेवर. शिकत असताना वक्तृत्वात आणि प्रकटवाचनात मी भरपूर बक्षिसं मिळवलेली, त्यामुळे आपण तोंड उघडलं की चार माणसं ऐकायला बसणार अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वडील मला पोचवायला आले होते. बौद्ध वस्तीत विहाराला लागून दोन खणांची खोली रिकामी होती. पत्रे गळत होते आणि मोरीला दार नव्हतं. वडिलांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात शेजारच्या उंबऱ्यावर बसलेल्या मावशीनं त्यांना बसायला गोणपाट टाकलं आणि पाऊण तास एकटीनंच गप्पा मारल्या. निघताना वडील मला म्हणाले, "हीच खोली घे. इथे चोर जरी आला तरी त्याला आधी हिचं ऐकून घ्यावं लागेल."

मावशी साठीची असेल. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा खाकी कोट ती बारा महिने पांढऱ्या लुगड्यावर घालत असे. उन्हाळ्यातसुद्धा. "मावशी, उकडत नाही का?" असं विचारलं तर म्हणायची, "उकडतंय की. पन खिसे हायत ह्याला. लुगड्याला खिसे असते तर म्या कशाला घातला असता?" त्या खिशांत सुपाऱ्या, खडूचे तुकडे, शेळीसाठी मूठभर चुणी, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरची एखादी किल्ली असायची. वस्तीतल्या बायका रोजगाराला जाताना किल्ल्या तिच्याकडे टाकून जात.

आणि ती बोलायची. माणसांशी तर बोलायचीच, पण चुलीशी, पावसाशी आणि लांबून आवाज येणाऱ्या गाडीशीही बोलायची. "गेलीस का माय? आज बी उशीरच?" असं रोज संध्याकाळी पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीला तिचं चाले. तिच्या शेळीचं नाव सरपंच होतं. शेळी, आणि सरपंच कसं, असं मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "सगळं ऐकून घेती, मान हालवती आन काय बी करत न्हाई." आमच्या दोघींत एकच भिंत होती. पहाटे तिला रात्री पडलेलं स्वप्न ती सरपंचाला सविस्तर सांगत असे आणि मला माझ्या अंथरुणात ते ऐकावं लागे. स्वप्नात पात्रं बरीच असत.

अशी ही बाई विहारात बायकांचं ग्रंथवाचन चालवायची.

आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, विहारांमधून ग्रंथ वाचला जातो. सगळीकडे रीत अशी की गावातला जो कुणी चांगला वाचणारा असेल, बहुधा पुरुषच, तो वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तीन महिन्यांत ग्रंथ संपतो आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना खीर वाढतात. आमच्याकडे खीर वेळेवर व्हायची, ग्रंथ मात्र संपायचा नाही. मी गेले तेव्हा चार पावसाळे उलटून अर्धासुद्धा झालेला नव्हता. जिथे थांबला तिथे मावशी रेल्वेचं एक जुनं तिकीट खुणेला घालून ठेवी, आणि पुढच्या आषाढात तिथूनच पुढे.

याचं कारण म्हणजे मावशीचा कायदा. एक बाई, एक ओळ. पंचवीसएक बायका ओळीनं बसत. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना शेजारची बाई हळू आवाजात ओळ सांगे. मग त्या बाईनं ओळीवर बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती मोठ्यानं म्हणायची. मग ग्रंथ पुढच्या मांडीवर. फेरी पुरी झाली की वाचन संपलं. पंचवीस ओळी म्हणजे जेमतेम एक पान.

ही पद्धत कशी पडली तेही मला मावशीनंच सांगितलं. ज्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली झाल्या, त्या साली या वस्तीचेही काही पत्रे आणि छपरं गेली होती. पुरुष कामाच्या शोधात पांगले होते. बायकांना दिवेलागणीला घरात एकटं बसवेना, म्हणून त्या लेकरं घेऊन मावशीच्या दारात येऊन बसायच्या. कुणी बोलायचं नाही. "म्या एकटीच किती बोलू?" मावशी म्हणाली. मला ही तक्रार तिच्या तोंडी जरा नवलाची वाटली. "मग म्हनलं, बसायचंच हाय तर ग्रंथ घिऊन बसू. चौथी शिकलेली एकच पोरगी होती. ती सांगायची, आन एकेकीनं म्हनायचं. आपला आवाज आपल्याला ऐकू आला की भेव कमी हुतंय."

हे मला पुढे कळलं. पहिल्या दिवशी मला फक्त एवढं दिसलं की पंचवीस बायका एका पानाला तास दीड तास लावतायत आणि ग्रंथ वाचून संपवण्याची बुद्धी कुणालाच झालेली नाही. मी उठून उभी राहिले आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मावशी, मी वाचते. रोज सहा पानं वाचली तरी आश्विनापर्यंत आरामात होईल."

"ग्रंथ काय पळून चाललाय का?" मावशी म्हणाली.

बायका हसल्या. मी म्हणाले, "तसं नाही, पण मला चांगलं वाचता येतं."

"येतंय ना? मग तू गप बस. जिला येत न्हाई तिचं चाललंय हितं."

मला इतरांसारखीच एक ओळ मिळाली. ती मी आवाजाचे सगळे चढउतार घालून, बक्षीसपात्र वाचली. मावशीनं ऐकून घेतली. "लय गोड वाचलंस मास्तरीण," ती म्हणाली, "पन कुनाला कळायच्या आत सपलं." त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहून बदलीसाठी खटपट करायला सांगितलं. पत्र टाकलं नाही, कारण पोस्टाचं तिकीट आणायचं राहून गेलं.

वाचनाची वेळही तिनं अशी धरली होती की गावात कुणाला पटू नये. शेतातून आल्यावर, हातपाय धुऊन, चूल पेटवायच्या आधी. बाकी गावांत जेवणं उरकून बसत. मावशीचं म्हणणं असं, की भाकरी थापून, वाढून, भांडी घासून आलेली बाई ग्रंथासमोर डुलकीच घेणार. पुरुषांना हे जड जाई. एकदा एकजण विहाराच्या दारात येऊन उभा राहिला आणि आत न बघता म्हणाला की अजून घरात भाकर नाही. मावशीनं त्याला शांतपणे सांगितलं, "पीठ डब्यात हाय, लाकडं भायेर हायत, आन हात तुझ्याजवळच हायत." तो गेला. त्यानं भाकरी केली की नाही ते माहीत नाही, पण पुढच्या वर्षी त्याच्या घरून धूर लवकर निघायला लागला हे मी स्वतः पाहिलं आहे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवण्यामागेही हेच होतं. एखादीची ओळ चालू असताना दुसरीची नजर काट्याकडे जाऊ नये.

खुद्द मावशीची ओळ हा एक सोहळाच असे. तिला अक्षर येत नव्हतं. शेजारणीनं सांगितलेली ओळ ती म्हणायची, पण ओळीत तिला स्वतःचं काही घातल्याशिवाय राहवत नसे. आठ शब्दांची ओळ तिच्या तोंडून, "म्हंजी बगा" आणि "आता हेच आपल्या वस्तीचं घ्या" असं करत, पाच मिनिटांची होई. इतरांच्या ओळीच्या वेळी तोंड बंद राहावं म्हणून ती अख्खी सुपारी गालात धरून बसायची. सुपारी फुटल्याचा आवाज आला की समजावं, मावशीला आतून काहीतरी बोलायचं आहे.

आणि तिचा दुसरा कायदा. दुसरीच्या तोंडातला शब्द काढायचा नाही. बाई अडली, चुकली, विसरली, तरी ती स्वतः शेजारणीकडे वळून विचारत नाही तोवर कुणी सांगायचं नाही. हा कायदा मुख्यतः वच्छलासाठी होता.

वच्छला तेवीस-चोवीस वर्षांची, आमच्या वस्तीत नांदायला आलेली. कामाला वाघ, पण बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथे दार लावलेलं असायचं. गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे मिटले जायचे. सासरी तिला घुमी म्हणत. तिचं वाक्य पुरं व्हायची वाट त्या घरात कुणी बघत नसे. ती "मी" म्हणाली की सासू "पानी आनते म्हन की" म्हणून मोकळी होई, मग वच्छलाला पाण्याबद्दल बोलायचं असो वा नसो. हळूहळू तिनं घरात बोलणंच सोडलं. रोज संध्याकाळी विहारात मात्र ती आपली ओळ म्हणायची. कधी चार मिनिटं लागत, कधी दहा. बाहेर पाऊस पडत असायचा, पोटात भूक असायची, आणि पंचवीस बायका एका शब्दासाठी बसलेल्या असायच्या.

मी मास्तरीण. मुलं अडली की शब्द पुरवणं हे माझं पगारी काम. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वच्छला 'करुणा' या शब्दापाशी अडली. क, क, क असं चाललं होतं. मला तो शब्द आपल्याच घशात अडकल्यासारखं झालं आणि मी म्हणून टाकला. चांगल्या मनानंच म्हटला. वच्छलानं ग्रंथ मिटला आणि मान खाली घातली.

सुपारी फुटली.

"मास्तरीण," मावशी म्हणाली, "तिच्या मुखातला घास तू खाल्लास. आता आठ दिस तुझी ओळ बंद. कंदील धर."

आठ दिवस मी जी वाचते आहे तिच्याशेजारी कंदील धरून बसले. पहिले दोन दिवस अपमानानं माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं. ओळ म्हणताना बाईचा चेहरा कसा होतो हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं, कारण दुसरं कुणी वाचत असताना मी मनात त्यांच्या चुका मोजायचे. कंदिलाच्या उजेडात वच्छलाचा चेहरा पाहिला. शब्द अडला की ती घाबरत नव्हती. ती त्याच्यामागे लागलेली असायची, आणि तो सापडला की तिच्या कपाळावरची आठी मोकळी व्हायची. मला लाज वाटली. नवव्या दिवशी मावशीनं माझी ओळ परत दिली. मी ती इतकी सावकाश वाचली की मावशी म्हणाली, "आता ऐकू आलं."

नामांतरासाठी परभणीला मोर्चा निघाला तेव्हा वस्तीतली तरणी पोरं बायकांना बोलवायला आली. मावशी निघाली, अर्थात खाकी कोट घालून. मीही किरकोळ रजा टाकून गेले. उन्हातून आम्ही सगळ्याजणी घोषणा देत चाललो होतो. मध्येच मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि नजरेनं पुढे दाखवलं. वच्छला घोषणा देत होती. हात वर करून, खणखणीत, एकदाही न अडखळता. तिच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती मध्येच आमच्याकडे वळून बघायची आणि हसायची. परतीच्या गाडीत मावशीनं कोटाच्या खिशातून काढून माझ्या हातावर एक सुपारी ठेवली. मग म्हणाली, "सगळ्यासंगं निघालं बग तिच्या तोंडातून. आता एकटीचं निघाया पायजे."

एकटीचं निघायची वेळ पुढच्याच पावसाळ्यात आली. वच्छलाला मूल होत नव्हतं, आणि सासूनं दुसरी सून बघून ठेवली होती. श्रावणात एका दुपारी त्यांनी वच्छलाची पत्र्याची पेटी दारात आणून ठेवली. म्हणणं एवढंच की पोरगी बोलत नाही, घर मुकं झालंय. आईबाप नव्हते. मामाच्या गावी जायचं म्हटलं तर मामीला तिचं ओझं. वच्छला पेटी उचलून विहारात आली आणि नेहमीच्या जागी बसली. त्या दिवशीची तिची ओळ तिनं म्हटली. पेटी शेजारी होती.

बायकांनी ठरवलं, एकेकीकडे आठवडाभर तिनं राहायचं. आणि मावशीनं ठरवलं, तिला परत नांदायला लावायचं. मग काय विचारता. रोज सकाळी मावशी कोट घालून वच्छलाच्या सासरच्या दारात हजर. "सून घरात घ्या. चुकी काय तिची? जिभेला गाठ हाय, मनाला न्हाई." सासू आत जायची, मावशी दारात बसून भिंतीला सांगायची. दुपारी वच्छलाच्या नवऱ्याला शेतात गाठायची. तो बिचारा मवाळ माणूस, मावशी दिसली की औत सोडून उसात शिरायचा. मावशी बांधावर उभी राहून उसाशी बोलायची. संध्याकाळी आम्हाला दिवसभराचा वृत्तांत. भाद्रपद सरेपर्यंत सगळी वस्ती मावशीच्या बाजूची झाली, निम्मी पटल्यामुळे आणि निम्मी बेजार झाल्यामुळे. मीही चार मुद्दे कागदावर काढून दिले होते. चांगले मुद्दे होते.

या सगळ्या दिवसांत वच्छला काय करत होती? खुरपणीला जात होती, ज्या घरी असेल तिथली धुणीभांडी करत होती, आणि संध्याकाळी तिची ओळ म्हणत होती. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "सबूर कर माय. घालते तुला तुझ्या घरात." वच्छला तिच्याकडे बघायची. कधी तिचे ओठ हलायचे. तोवर मावशीचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं.

आश्विन पौर्णिमेला खीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात समाजाची बैठक बसली. वस्तीतले सगळ्यात वडीलधारे, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते मध्यभागी कागद-पेन घेऊन. एकीकडे सासू आणि नवरा, दुसरीकडे आम्ही बायका, आणि आमच्या पुढे मावशी. ती उभी राहिली आणि बोलली. माझे चार मुद्दे तिनं पहिल्या दोन मिनिटांत संपवले आणि मग स्वतःचे काढले. किती वेळ बोलली सांगता येत नाही. शेवटी सासूनंच हात जोडले. "बरं बाई, न्या म्हनावं पेटी घरी. पन हिला आता थांबवा."

बायकांनी एकमेकींचे हात दाबले. मावशीचा चेहरा असा झाला होता की मी तो कधी विसरणार नाही. तात्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रीत म्हणून वच्छलाकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हननं हाय पोरी?"

वच्छला उभी राहिली. "म," ती म्हणाली, आणि शब्द अडला.

"मला नांदायचं हाय, असंच ना?" तात्या म्हणाले. "झालं मग. लिवतो."

"थांबा तात्या," मावशी म्हणाली. "तिच्या तोंडातला शब्द काढू नका. तिचा तिला म्हनू द्या."

तात्यांनी पेन खाली ठेवलं. पुरुषांना या थांबण्याची सवय नव्हती. कुणी खाकरलं, कुणी दाराकडे बघितलं. आम्हाला सवय होती, आम्ही बसून राहिलो. वच्छलानं डोळे मिटले होते. तिची आठी मला दिसत होती. तो शब्द तिच्या हाती लागला तेही मला दिसलं.

"मला न्हाई जायाचं त्या घरी," वच्छला म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू आपण ऐकलं ते चुकीचं आहे. वच्छलाचं अजून संपलेलं नव्हतं. दुसरं वाक्य यायला पहिल्याहून जास्त वेळ लागला.

"मला कुनी इचारलंच न्हाई."

मावशी मटकन खाली बसली. दोन महिने ती गावभर वच्छलाच्या वतीनं बोलत होती. दारांशी बोलली, भिंतींशी बोलली, उसाशी बोलली. एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला होता, आणि तो मलाही सुचला नव्हता, मी तर मुद्दे काढत बसले होते. दुसरीच्या तोंडातला शब्द काढायचा नाही, हा कायदा जिनं केला तिनंच वच्छलाच्या तोंडातला सगळ्यात मोठा शब्द काढून घेतला होता. हे कुणी समजावून सांगेल म्हणून मावशी थांबली नाही. सगळ्यांसमोर, पुरुषांसमोर, ती वच्छलाला म्हणाली, "चुकलं माझं. लय चुकलं. आता इचारते. तुला काय पायजे?"

आणि ती थांबली. तोंड मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

वच्छलाला काडीमोड पाहिजे होता. ती स्वतः कमवून खाणार होती. एवढं सांगायला तिला जितका वेळ लागला तितका विहारातल्या प्रत्येकानं दिला. तात्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, आणि मला वाटतं, त्यालाही हायसं वाटलं असावं. तात्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "पन ऱ्हाशील कुटं पोरी?"

"कुटं म्हंजी?" मावशी उठलीच. "माझ्याकडं. दोन खोल्या हायत, एकलीच असते मी. आजच पेटी आन."

तात्या लिहायला लागले. तेवढ्यात मावशीच्याच ध्यानात आलं आणि तिनं जीभ चावली. "न्हाई, न्हाई. तिला म्हनू द्या."

वच्छलानं मावशीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच जरा संकोचली होती. बराच वेळ लागला.

"तुमी लय बोलता," ती म्हणाली.

आधी कुणालाच हसावं की नाही कळेना. मग मावशीच हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग सगळा विहार हसला, सासूसुद्धा. तात्यांनी चष्मा काढून पुसला. हसू ओसरल्यावर वच्छला माझ्याकडे वळली.

"बाई," ती म्हणाली. मग थांबली, आणि मी थांबले. "तुमच्याकडं. चालंल?"

माझ्याकडे का, हे तिनं पुढे कधीतरी सांगितलं. कंदील धरला होता त्या आठ दिवसांत तिला मी बरी वाटले होते. त्या दिवशी मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं वाटलं की आजवरच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा हे मोठं आहे. मी म्हणाले, "चालेल." आयुष्यातलं माझं ते सगळ्यात छोटं भाषण असेल.

संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवत होते तेव्हा वच्छला पेटी घेऊन आली. पेटीची एक कडी तिच्या हातात होती, दुसरी मावशीच्या. पेटी आत ठेवून मावशी उंबऱ्यावर टेकली. वच्छलानं खोलीत नजर फिरवली, पदर खोचला, माझ्या हातातून चहाचं पातेलं घेतलं. मावशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला तिची अवस्था बघवेना. दिवसभराचं सगळं तिच्या घशाशी आलेलं होतं आणि ती उंबऱ्याची कड धरून बसली होती. चहाला आधण आलं. मावशीनं पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. वच्छलानं वळून तिच्याकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणणार हे आम्हाला दोघींना कळलं, आणि आम्ही वाट पाहिली.

"बोला आता," वच्छला म्हणाली.